स्मृतिबाक योजना

पालिकेच्या सभेत 'भवितव्य' हा शब्द निघाला की समजावं, कुणाचा तरी गळा धरायचं ठरलेलं आहे. रस्त्याचं भवितव्य कधी कुणी काढत नाही, तो खड्ड्यांसकट सुखात नांदतो. भवितव्य निघतं ते शाळेचं, वाचनालयाचं, दवाखान्याचं. त्या वर्षी निघालं ते रानबागेचं.

रानबाग म्हणजे गावाच्या कडेची मोकळी जमीन. एक तळं, एक उतार, गवताचा मोठा पट्टा, पलीकडे झाडी आणि या सगळ्यातून मनाला येईल तशा फिरणाऱ्या पायवाटा. फुलांचे ताटवे नव्हते, कारंजं नव्हतं, पुतळा तर नव्हताच. त्यामुळे पुढाऱ्यांना फोटो काढायला तिथे काही नव्हतं. लोक मात्र रोज येत. कुणी धावायला, कुणी कुत्रं फिरवायला, कुणी घरात भांडण झालं म्हणून. तिकीट नव्हतं. माणसं येत, बसत आणि घरी जात. यातून पालिकेच्या पदरात काय पडतं, असा प्रश्न एके दिवशी अध्यक्षांना पडला आणि अध्यक्षांना प्रश्न पडला की उत्तर दुसऱ्या कुणालातरी द्यावं लागे.

"बाग म्हणजे पांढरा हत्ती झालीय," अध्यक्ष सभेत म्हणाले. "वर्षभरात तिनं स्वतःच्या पायावर उभं राहावं. नाही जमलं तर गोदामवाले तयारच आहेत."

गोदामवाल्यांचा त्या जमिनीवर कधीपासूनचा डोळा. तळं बुजवायचा खर्चही ते स्वतःच करणार होते, इतकं त्यांचं मन मोठं.

बागेचे व्यवस्थापक मागच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होते. नोकरी जाईल ही भीती त्यांना वाटली, नाही असं नाही. पण त्याआधी त्यांच्या डोळ्यांपुढे आले ते वडिलांचे गुडघे.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. उभा जन्म बुटक्या स्टुलावर बसून काढलेला, त्याचं व्याज गुडघे आता वसूल करत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालणं थांबलं की पाय थांबतील. म्हणून बाबा रोज सकाळी घरून निघत, बागेच्या फाटकातून आत शिरत आणि उतारावरच्या जुन्या लाकडी बाकापर्यंत जात. तिथे घटकाभर बसत, तळ्याकडे बघत येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करत आणि मग परतत. ते बसणं चैनीचं नव्हतं. बसल्याशिवाय परतीची वाट त्यांच्याच्यानं होत नसे. बाग गेली असती तर बाबा खोलीतल्या खाटेवर आले असते, आणि खाटेवर आलेला म्हातारा पुढे कुठे जातो हे व्यवस्थापकांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी घरी बाबा वर्तमानपत्रातलं श्रद्धांजलीचं पान वाचत होते. ते पान त्यांच्या विशेष आवडीचं.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," ते सुनेला म्हणाले. "हा इथे दानशूर छापलाय बघ. माझ्याकडून घड्याळाला पट्टा घालून नेला, त्याचे पैसे अजून यायचेत. आणि मुलांनी जाहिरात दिलीय अर्ध्या पानाची."

व्यवस्थापकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जो जिवंतपणी पट्ट्याचे पैसे देत नाही, त्याच्या मरणावर त्याची मुलं अर्ध्या पानाचे पैसे मोजतात. गावातला सगळ्यात सढळ हाताचा माणूस म्हणजे मेलेला माणूस. त्याच बैठकीत त्यांनी कागद ओढला आणि स्मृतिबाक योजना लिहून काढली. देणगी द्यावी, आपल्या माणसाच्या स्मरणार्थ बागेत एक बाक ठेवावं, त्यावर पितळी पाटी लावावी. दर ठरला समोरच्या देखाव्यावरून. तळ्यासमोर सगळ्यात चढा, झाडीत मध्यम, कचरापेटीशेजारी सवलत. खोटी नावं घुसू नयेत म्हणून सोबत मृत्यूचा दाखला जोडायचा होता.

योजना खरोखर चांगली होती. तिथेच हात आवरला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण व्यवस्थापकांना आपल्या सरकारी भाषेचा भारी अभिमान. पत्रकाच्या तळाशी चार बोटं जागा उरली होती आणि ती मोकळी बरी दिसेना. तिथे त्यांनी कुणी न मागता एक वाक्य टाकलं: 'देणगीदारांच्या भावनांचा सर्वतोपरी मान राखला जाईल.' मग ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि समाधानाने झोपी गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिलं बाक घेतलं गावातल्या गादीवाल्यांनी, वडिलांच्या नावानं, तळ्यासमोर. वडील हयातीत बागेत कधी फिरकले नव्हते. दुकानाच्या गल्ल्यावरून उठले ते थेट दवाखान्यात. पण पाटीवर आलं, 'निसर्गावर निस्सीम प्रेम करणारे'. मग काय, गावात चढाओढच लागली. शेजाऱ्याच्या सासऱ्याचं बाक आहे आणि आपल्या सासऱ्याचं नाही, हे कुणाला सोसवेना. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन भावांनी एकाच आईसाठी दोन बाकं घेतली आणि ती पाठीला पाठ लावून ठेवून घेतली. एका वकिलाने कुत्र्याच्या नावाने अर्ज केला. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "पैसे कुत्र्याचे आहेत की वकिलाचे? मग घ्या की."

बागेला पैसा दिसू लागला. व्यवस्थापकांनी पायवाटा नीट केल्या, तळ्यातला गाळ काढला, राखणदाराला नवा डगला शिवला. गोदामवाल्यांचा माणूस फाटकापाशी येऊन हळहळून गेला. घरी व्यवस्थापक ताठ मानेने जेवू लागले.

मग एक दिवस गादीवाले हातात पत्रक घेऊन कार्यालयात आले. कार्यालय म्हणजे फाटकाजवळची एक खोली. टेबल, कपाट, कोपऱ्यात फावडी आणि पाण्याची नळी.

"माझ्या वडिलांच्या बाकावर एक इसम पाय वर घेऊन शेंगा खात होता," गादीवाले म्हणाले.

"शेठ, बाक बसायलाच असतं ना."

"बसायला माझ्या दुकानात गाद्या आहेत. हे स्मारक आहे." त्यांनी पत्रकाच्या तळाशी बोट ठेवलं. "हे वाक्य कुणाचं?"

"माझं," व्यवस्थापक म्हणाले. अजूनही त्यांना थोडा अभिमान वाटलाच.

"मग राखा मान. माझ्या भावना दुखावल्यात."

भावना दुखावलेल्या माणसाशी वाद घालायची सोय कुठल्याच कार्यालयात नसते. व्यवस्थापकांनी एका साखळीला परवानगी दिली. बारीकशी साखळी, बाकाच्या या हातापासून त्या हातापर्यंत. बोट दिलं की मनगट धरतात हे लहानपणापासून ऐकलेलं, पण साखळी बोटाएवढीच होती ना.

आठवड्याभरात साखळी ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. बिनसाखळीचं बाक म्हणजे मुलांचं आपल्या बापावर प्रेम नाही असा अर्थ निघू लागला. साखळीनंतर कठडा आला, कठड्याला कुलूप आलं, आणि वकिलाने कुत्र्याच्या बाकावर काचेची पेटी बसवून घेतली. तळ्याकाठची जागा संपली तशी मागणी उतारावर सरकली, तिथून गवतात. धावणारे कठड्यांमधून वळणं घेत धावू लागले आणि मग येईनासे झाले. जुन्या लाकडी बाकांना कुणाचंच नाव नव्हतं. कुणी न मेलेल्या बाकांचं बागेत काय काम? अध्यक्षांच्या तोंडी हुकुमावरून ती उचलून जळणात दिली आणि त्या जागा विकल्या. उताराच्या जागेला एका ठेकेदाराच्या आत्येने चांगली किंमत आणली.

त्या दिवशी बाबा दुपार टळल्यावर घरी आले. भिंतीला धरत, घरांच्या पायऱ्यांवर टेकत टेकत.

"बाळ्या, माझं बाक कुठे गेलं रे?"

पन्नाशीचा बाळ्या ताटातून मान वर काढेना. "तिथे नवीन आलंय, बाबा. चांगलं सागवानी."

"बघितलं. पण त्यावर आधीच कुणीतरी बसलंय. बाई आहे म्हणे, प्रेमळ आणि सोशिक. मला दिसली नाही, पण मी पडलो भिडस्त, उठा कसं म्हणू?"

"थोडे दिवस कळ काढा. मी काहीतरी करतो."

बाबांनी कळ काढली नाही. दुसऱ्या दिवशी ते काखेत आपलं जुनं स्टूल मारून निघाले. फाटकावर राखणदाराने अडवलं. घरचं आसन आत नेऊ दिलं तर बाक कोण विकत घेईल, म्हणून पालिकेने स्टूल, खुर्ची, सतरंजी सगळ्यावर बंदी घातली होती. बाबांनी स्टूल त्याच्याकडे ठेवायला दिलं आणि तसेच आत गेले. उतारावर पोहोचल्यावर गुडघ्यांनी ऐकायचं नाकारलं, तेव्हा ते गवतात बसले. बसता आलं, उठता येईना. शेवटी राखणदार आणि रोज कुत्रं फिरवायला येणाऱ्या एका बाईंनी दोन्हीकडून धरून त्यांना उभं केलं आणि गवत तुडवल्याबद्दल दंडाची पावती राखणदाराने जड मनाने व्यवस्थापकांच्या टेबलावर आणून ठेवली.

सून तशी कमी बोलणारी. त्या रात्री ती जेवण वाढताना बोलली. "तुमची बाग वाचली, चांगलं झालं. आता सासऱ्यांना कुठे बसवायचं तेवढं सांगा. की त्यांनाही साखळी लावू?"

"मी अध्यक्षांशी बोलतो," व्यवस्थापक म्हणाले.

"कधी?"

"वर्षाच्या सभेत."

सभेला अजून अवकाश होता. तेवढ्यात बाबाच कार्यालयात आले. मुलाला ओळख न दाखवता, इतर देणगीदारांसारखे टेबलासमोर उभे राहिले.

"एक बाक पाहिजे. उतारावर. हप्त्याने देईन."

"कुणाच्या नावानं, बाबा?"

"माझ्या."

"अहो, ते गेलेल्या माणसांसाठी असतं."

"जाणारच आहे की. मागे राहायचा विचार नाही माझा. तोवर स्वतःच्याच स्मरणार्थ बसत जाईन."

"मृत्यूचा दाखला लागतो," व्यवस्थापक हळू आवाजात म्हणाले.

बाबांनी टेबलावरचं पत्रक उचललं, डोळ्यांजवळ नेलं, शांतपणे सगळं वाचलं. "हे तूच लिहिलंस?"

"हो."

"शुद्ध लिहिलंयस. शाळेत मास्तर तुझं कौतुक करायचे ते उगाच नाही." पत्रक होतं तसं ठेवून ते निघाले. पायरी उतरताना त्यांनी चौकट धरली. व्यवस्थापक मदतीला उठले, पण तोवर राखणदाराने त्यांना हात दिला होता.

व्यवस्थापकांना लाज वाटली. अगदी मनापासून वाटली, आणि तिच्या भरात त्यांनी भाषण तयार केलं. बाग जिवंत माणसांसाठी असते. साखळ्या काढाव्यात. पाटी राहील, नाव राहील, पण बसायला मुभा हवी. भाषण त्यांनी आरशासमोर म्हटलं, बायकोसमोर म्हटलं. बायको म्हणाली, "छान आहे. तिथेही असंच म्हणा."

वर्षाच्या सभेत सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत देणगीदार, गादीवाले मधोमध. अध्यक्षांनी बागेचा जमाखर्च वाचला. रानबाग नुसती पायावर उभी राहिली नव्हती, तिच्या पैशातून अध्यक्षांच्या दालनाला नवा पडदाही आला होता.

"आणि आता पुढचं पाऊल," अध्यक्ष म्हणाले. "आपण नीट बघितलं तर खर्च कशावर होतो? वाटा झिजतात कुणामुळे? कचरा कोण करतं? येणारी माणसं. आणि पैसे कोण देतं? न येणारी." लोक हसले. अध्यक्ष ते हसवण्यासाठी म्हणाले नव्हते, पण हसल्यावर त्यांनाही बरं वाटलं. "तेव्हा पहिल्या तारखेपासून बाग सर्वसामान्यांना बंद. देणगीदारांना फाटकाची किल्ली मिळेल. वर्षातून एकदा यावं, पाटी पुसावी, जावं. गोदामाची गरज राहिली नाही, बाग कायमची वाचली."

टाळ्या पडल्या. व्यवस्थापक उभे राहिले. भाषण खिशात होतं, पाठही होतं. पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं.

"बघा, योजनेचे जनक स्वतःच उभे राहिले," अध्यक्ष त्यांच्याकडे हात करून म्हणाले. "यांना आजपासून पालिकेच्या सगळ्या बागांचं प्रमुखपद देत आहोत. आणि एक आमची छोटीशी भेट. उतारावरचं ते बाक आहे ना, ठेकेदारसाहेबांनी मोठ्या मनानं आपल्या आत्याबाईंना झाडीत हलवायचं कबूल केलंय. ती जागा आम्ही यांच्या वडिलांसाठी राखून ठेवली आहे. विनामूल्य. जेव्हा वेळ येईल तेव्हा."

आता टाळ्या थांबेनात. गादीवाले मागे वळून मान डोलवत होते. सगळं सभागृह आपल्याकडे मायेने बघतंय आणि आपल्याला त्या सगळ्यांची गचांडी धरायची आहे, असा प्रसंग माणसावर क्वचित येतो. व्यवस्थापकांवर आला आणि त्यांनी हात जोडले.

"आभारी आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

पहिल्या तारखेला ते कार्यालयातलं सामान आवरायला गेले. राखणदाराने फाटकाच्या गजांआडूनच सगळं बाहेर दिलं: दौत, पेनं, पाण्याचा तांब्या.

"आत येऊन तळं बघून जातो एकदा," व्यवस्थापक म्हणाले.

"किल्ली आहे का, साहेब?"

"मला किल्ली कशाला?"

"देणगीदारांनाच सोडायचं असं लिहून आलंय," राखणदार म्हणाला. तो बिचारा खरोखर ओशाळला होता. "तुमच्या घरचं कुणी अजून... म्हणजे बाक राखीव आहे, पण चालू नाही झालेलं."

व्यवस्थापक पिशवी घेऊन वळले. रस्त्यापलीकडे बसचा थांबा होता, पत्र्याचं छप्पर आणि खाली सिमेंटचा लांब ओटा. ओट्यावर गर्दी होती. कुत्रेवाल्या बाई होत्या, पायाशी कुत्रं. धावणारा होता, टाचा चोळत. रोज बायकोशी भांडून येणारा शिक्षक होता. आणि टोकाला बाबा. बस आली, थांबली. कुणी चढलं नाही. ड्रायव्हरने कपाळावर हात मारला आणि गाडी काढली.

बाबांनी मुलाला बघितलं आणि सरकून जागा केली. व्यवस्थापक पिशवी मांडीवर घेऊन बसले. समोर फाटक, फाटकामागे उताराचा एक तुकडा दिसत होता. त्यावर कठडे उन्हात चकाकत होते.

"सभेत तुझा सत्कार झाला म्हणे," बाबा म्हणाले.

"हो."

"काय दिलं?"

व्यवस्थापकांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. सांगायला हवं होतं, कारण आज ना उद्या गादीवाल्याकडून कळलंच असतं. "बाक दिलं. उतारावरचं. तुमचीच जागा आहे, बाबा. तुमच्या नावानं राखून ठेवलीय."

बाबांनी फाटकाकडे बघितलं. कुत्रं त्यांच्या चपलेला हुंगून परत बाईंपाशी गेलं.

"म्हणजे माझ्याकडचं तेवढं काम राहिलंय," बाबा म्हणाले. आवाजात टिंगल नव्हती. "आणि तू काय म्हणालास त्यांना?"

"आभारी आहे म्हणालो."

बाबांनी मान हलवली. मग एक हात ओट्यावर टेकला, दुसरा मुलाच्या खांद्यावर ठेवला आणि सगळा भार त्याच्यावर टाकून उठू लागले. व्यवस्थापकांनी त्यांना कमरेला धरलं. पुढची बस येऊन थांबली होती आणि ड्रायव्हर विचारत होता, आता तरी कुणी येताय का.

"चल घरी," बाबा म्हणाले. "उद्यापासून मी इथपर्यंतही येत नाही. लोकांना वाटायचं, बाकाची घाई झालीय म्हाताऱ्याला."